पुंजाजीची छाती

माझा मुलगा उत्तम नागपूरच्या मेडिकल स्कूलात शिकत होता तेव्हा त्याची पत्रं फार लहान असत. घर, गाव, वडील आणि मी असे सगळे पहिल्या दोन-तीन ओळींत उरकलेले असत. शेवटची ओळ मात्र लांबलचक असे. पुंजाजीकाकांचा दम कसा आहे, पायांवर सूज आहे का, बोट दाबलं तर खड्डा पडतो का, रात्री आडवं होता येतं की बसून काढावी लागते, हे स्वतः जाऊन पाहा आणि कळव. मला नुसतं 'प्रकृतीस जप'.

मी वाशीमच्या एका वकिलाची बायको. लग्नाआधी नागपूरला कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली. एका परक्या माणसाच्या पायावर बोट दाबून पाहण्यासाठी उन्हातून मालेगाव रस्त्यावरच्या भाजीमळ्यात का जायचं, हे त्या शास्त्रात कुठे बसत नव्हतं. तरी मी जात असे. न गेले तर पुढचं पत्र आणखी लहान येई.

पुंजाजीचा मळा वांग्यांचा, मेथीचा आणि मिरचीचा. लहानपणी त्याला सांध्यांचा ताप आला होता. गुडघे सुजले, उतरले, आणि घरचे विसरून गेले. ताप मात्र जाताना हृदयावर खूण करून गेला होता. ऐन तिशीत भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात शिरताना त्याला भोवळ आली. दवाखान्यातून त्याला नागपूरला पाठवलं, आणि तिथल्या प्रोफेसरांना त्याची छाती इतकी आवडली की तेव्हापासून दर चैत्रात परीक्षेच्या वेळी त्याला बोलावणं येऊ लागलं. विद्यार्थ्यांनी त्याला तपासायचं आणि कुठे काय बिघडलंय ते परीक्षकांना सांगायचं.

या मानाचं पुंजाजीला वेड होतं. बाजारात मेथीची जुडी देतादेता तो गिऱ्हाइकाला सांगे, "माह्या छातीवर लय डागतर पास झाले. तुमी ज्याचं औषध घेऊन राह्यले ना, थोही माह्याच हातचा." विद्यार्थ्यांत तो डावंउजवं करी. छाती ऐकायच्या नळीचं तोंड आधी तळहातावर घासून गरम करणाऱ्या पोराला तो हळूच रोगाचं नाव सांगे. थंडगार नळी छातीवर टेकवणाऱ्याला विचारूनही काही सांगत नसे. गिरजाबाई, त्याची बायको, म्हणे, "रोग हाये का सोयरा हाये तुमचा? दरसाली नवा सदरा घालून त्याले दाखवाले नेता."

असा हा माणूस माझ्या मुलाला वॉर्डात भेटला आणि आपल्याच गावचा निघाला. मग काय. सुट्टीत उत्तम घरी आला की पिशवी ठेवायचा आणि मळ्यात जायचा. मी पुरण घातलेलं तसंच राही आणि हा गिरजाबाईच्या हातची भाकर अन् मिरचीचा ठेचा खाऊन परत येई.

एकदा मी मागोमाग गेले. पुंजाजी विहिरीजवळच्या बाजेवर उघडा बसला होता आणि उत्तम डोळे मिटून त्याच्या छातीवर नळी लावून ऐकत होता. माझ्या मुलाचा चेहरा इतका शांत मी तो अंगावर पीत असतानाच पाहिला होता. मी म्हटलं, "उत्तम, जेवायचं नाही का?"

पुंजाजीनं हात वर केला. "बाई, बोलू नोका. पोरगं आयकून राह्यलं."

माझ्या पोराशी बोलू नका, असं मला सांगणारा हा कोण?

ऐकून झाल्यावर उत्तमनं मला समजावून सांगितलं. समोर मोट चालू होती. "आई, मोटेचं पाणी थारोळ्यात पडतं आणि तिथून पाटाला लागतं. समज, पाटाचं तोंड बुजत आलं आणि मोट तर थांबत नाही. मग पाणी कुठे जाईल?"

"मागं तुंबंन," पुंजाजीच बोलला.

"तसं यांच्या हृदयात दोन कप्प्यांमधली झडप आखडली आहे. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसांत साचतं. म्हणून दम लागतो. मग हळूहळू सगळ्या अंगात ओल धरते, पाय सुजतात. बिघाड एका झडपेचा, पण त्यापायी ज्याचं त्याचं काम अडतं."

मी नळी मागून घेतली आणि कानाला लावली. उत्तम म्हणाला, दूर कुणी जातं ओढतंय अशी घरघर ऐकू येईल. मला तसं काही ऐकू आलं नाही. पुंजाजी माझ्याकडे बघून हसला.

त्या संध्याकाळी मी उत्तमला म्हटलं, "कधी माझीही छाती बघ." त्यानं नळी टेकवली आणि लगेच काढली. "ठणठणीत आहेस. काही नाही तुझ्यात."

निरोगी असल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या परीक्षेत उत्तम एकदा नापास झाला. दुसऱ्या खेपेला मला घरात बसवेना. मी नागपूरला भावाकडे जायला निघाले, तर गाडीत पुंजाजी आणि गिरजाबाई. त्याचा दम वाढला होता. दोन शब्द बोलला की थांबायचा. उत्तमनं त्याला यंदा येऊ नका म्हणून बजावलं होतं.

"मंग काहून आले?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"दुनियेचे पोट्टे माह्या छातीवर पास झाले. अन् घरचं पोट्टं दुसऱ्याच्या छातीवर बसू देऊ का?"

'घरचं' हा शब्द मला झोंबला. पण उत्तम पास तर व्हायला हवाच होता, आणि ही छाती त्याला पाठ होती. त्या प्रवासात मी पुंजाजीला दोनदा आपल्या हातानं पाणी दिलं.

परीक्षेच्या दिवशी मी आणि गिरजाबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं पुंजाजी बाहेर आला. सदऱ्याच्या गुंड्या उघड्याच, तोंड उतरलेलं.

"काय झालं?" मी घाबरून उठले.

"मीच आलो होतो त्याच्या वाट्याले. त्यानं पाह्यलं, अन् साहेबाले म्हणते, या माणसाचं मले सारं माहीत हाये, मले दुसरा द्या. मी हातानं खुणावून राह्यलो, तं पाह्यलंही नाई माह्याकडं."

"मग?"

"मंग एक गिरणीवाला देल्ला त्याले. लय वेळ आयकलं त्याचं. नळी गरम करून." पुंजाजी बाकावर बसला. "बाई, त्या गिरणीवाल्याच्या छातीत असं काय हाये?"

निकाल लागला. उत्तम पास झाला. आनंदानं मी रडले. त्यावर त्यानं सांगितलं की प्रोफेसरांच्या हाताखाली तो नागपुरातच राहणार, घरी येणार नाही. तो गिरणीवालाही त्याच वॉर्डात होता.

परतीच्या गाडीत पुंजाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. तीन वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होते, म्हणून मी म्हटलं, "आता कळलं ना, कसं वाटतं ते?"

"तुमाले सवय हाये, बाई. मले नवीन हाये."

गिरजाबाई पदरात तोंड घालून हसली. मलाही हसू आलं, आणि त्याचाही राग आला.

अकोल्याला गाडी बदलायची होती. पूल चढताना मध्येच पुंजाजीला धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. मी त्याला पायरीवर बसवून मनगट धरलं. उत्तमच्या पत्रांपायी मला एवढं तरी येत होतं. नाडी एरवी सरळ चालायची. आता तिला ताल नव्हता. दोन ठोके घाईनं, मग थांबा, मग एक बारीक, मग पुन्हा घाई. मी बराच वेळ हात सोडला नाही. पुंजाजीचं हे काहीतरी उत्तमच्या आधी मला कळलं होतं.

घरी पोचताच उत्तमला लिहिलं. प्रकृतीची, गावाची, कसलीच ओळ आधी घातली नाही. पुंजाजीची नाडी चुकते आहे, एवढंच लिहिलं. ये, असंही लिहिलं नाही. उत्तमसाठी मी स्वतः चार वर्षं 'ये' लिहीत होते.

तो लगेच निघाला. तारेनं गाडीची वेळ कळवली, प्रोफेसरांच्या हाताखालची जागा सोडल्याचंही कळवलं. मी सकाळपासून पुरण शिजवत होते. दारात टांगा थांबला, तेव्हा हात तसेच पिठाचे घेऊन मी बाहेर आले. टांग्यात ट्रंक होती आणि टांगेवाला होता.

"डॉक्टर कुठे?"

"थे मळ्याजवळ उतरले, बाई. म्हणले, आईले सांग, येतो."

मी ट्रंक उतरवून घेतली. जड होती. सगळं सामान आणलं होतं त्यानं, पुस्तकांसकट. ती मी ओढत ओढत त्याच्या खोलीत नेली आणि पुरणावर झाकण ठेवून दारात बसले.