पदरातल्या गोळ्या

जुन्या जालन्यातल्या आमच्या मेडिकलवाल्याचा मला संशय येतो, आणि त्याला माझा. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघतो, आणि प्रत्येक बोलण्याला "बराबर?" जोडतो.

परवा लघवीच्या जळजळीवर डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या मी याच्याकडूनच घेतल्या. दोन दिवसांत मला बरं वाटलं. तरुणपणी मी भलतीच हुशार होते. उरलेल्या गोळ्या जपायची आणि नणंद शिंकली की तिला द्यायची. त्याच हुशारीनं तिसऱ्या दिवशी शेजारणीसाठी गोळ्या पदरात बांधल्या आणि वाटेत त्याच्याच दुकानात बाम घ्यायला थांबले.

"आजी, पदराला गाठ कशाची?"

"अंगाऱ्याची."

"जंतू आतून गोखरूवानी चिकटतेत. गोळीनं आधी त्यांची पकड ढिली पडती, सगळे मरत न्हाईत. आत्ता सोडलं तर परत चिकटतील, मंग किडनीवर जातील. बराबर?"

त्यानं पाण्याचा गिलास पुढं सरकवला. मी गाठ सोडून एक गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले.

"आता तोंड उघडा."

एवढा संशय सासूनंही कधी घेतला नव्हता. गालात दडवलेली गोळी मी मुकाट्यानं गिळली.