रथाच्या वाटेवरची गाडी

गाडी भलत्या ठिकाणी उभी केली, हा माझा दोष घरात सर्वांना ठाऊक होता, आणि तो कोणी फार दिवस मनात ठेवला नाही. त्यानंतर मी जे केले ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मी ते कळू दिले नाही. आज पन्नाशी उलटल्यावर हे लिहितो आहे ते मन हलके व्हावे म्हणून नव्हे. ते होणार नाही, हे मला केव्हाच समजून चुकले आहे.

तेव्हा आम्ही कानडी मुलुखात, बसवनगुडीत राहत असू. थोरल्या भावाने, आमच्या अण्णांनी, छावणीतून विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनी काळी मोटार घेतली होती. वहिनींची आई त्यांच्या माहेरी, शिरा गावी, अंथरुणाला खिळली होती. रामनवमीनंतरच्या त्या दिवसांत एके दुपारी तिकडून निरोप आला, “आई आता फक्त पाणी घेते आणि लेकीचं नाव घेते.” दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारीने निघायचे ठरले.

त्याच संध्याकाळी जवळच्या चामराजपेटेत रामनवमीच्या मांडवात गाणे होते; तिकडे हा मांडव महिनाभर असतो. चालत जाता आले असते. पण कचेरीतल्या दोन मित्रांना गाडीत बसवून नेण्याची मला हौस होती. अण्णांनी किल्ली दिली. ते मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

“ने. पण रात्री दारात हवी, तम्मा. पहाटे निघायचंय.”

मांडवाजवळच्या देवळाचा रथ दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. रथ जिथे जिथे वळतो त्या कोपऱ्यांवर आदल्या दिवशी चुन्याचा पट्टा ओढतात. पट्टा दिसला की तो रस्ता मोकळा ठेवायचा, हे तिथल्या पोरासोरांनाही कळते. कारण एकदा निघालेला रथ मागे घेत नाहीत. मी पट्टा पाहिला होता. कोपऱ्यावरची फुलवाली म्हणालीही, “इथं नको स्वामी, उद्या तेर आहे, रथ.”

“स्वल्प वेळ, अक्का,” मी म्हणालो. आतून तंबोऱ्याचा सूर ऐकू येत होता.

गाणे संपवून आलो तेव्हा रथासाठी खेड्यांतून आलेली माणसे गाडीच्या चहूबाजूंनी चटया टाकून झोपली होती. एका म्हातारीने तर चाकच उशाला घेतले होते. त्यांना उठवण्याचा मला धीर झाला नाही. पहाटे येऊन गाडी काढू, असे मनाशी ठरवून मी चालत घरी गेलो. जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरले होते.

धावत कोपऱ्यावर पोहोचलो. गाडी नव्हती. चुन्याच्या पट्ट्यावरून दोन काळ्या रेघा निघून रस्त्याने पुढे गेल्या होत्या. ब्रेक लावलेली गाडी पोलिसांच्या लॉरीने दोरखंड बांधून फरफटत नेली होती. त्या रेघांच्या मागोमाग मी ठाण्यापर्यंत गेलो. गाडी मागच्या आवारात, मोडक्या टांग्यांच्या रांगेत उभी होती.

हवालदार पान लावत बसला होता. मी कानडीत विनवणी केली, घरातले आजारपण सांगितले.

“गाडी सोडायचा अधिकार साहेबांना,” तो म्हणाला.

“साहेब कुठे आहेत?”

“रथापुढे. रथ देवळात परतला की येतील.”

“आणि रथ केव्हा परतेल?”

“ते देवाला विचारा, स्वामी. तुमच्या गाडीपायी देव उन्हात खोळंबला होता. आता तुम्ही स्वल्प खोळंबा.” बाकावरचा शिपाई हसला. त्यात चूक काहीच नव्हती.

मी घरी आलो. वहिनी बोचके मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. शिऱ्याची बस मार्केटातून सुटायला अजून अवकाश होता. अण्णा चपला घालून तयार होते.

“बसनंच जाऊ का, तम्मा? नक्की काय ते सांग.”

त्या वेळी मी खरे बोललो असतो, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. पण माझ्यामुळे वहिनींना त्या उन्हात, गर्दीच्या बसमध्ये उभे राहून जावे लागणार, हे मला पाहवेना. त्याला मी दया समजलो. तो अहंकार होता. मी म्हणालो, “नको. साहेबांनी शब्द दिलाय. तासाभरात गाडी दारात आणतो.”

“सरी, बरं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बोचके खाली ठेवले.

साहेबांची आणि माझी गाठही पडली नव्हती.

आवारात परत येऊन बसलो. पुढच्या एका कोपऱ्यावर रथाचे चाक अडले होते, असे येणारे-जाणारे सांगत. प्रत्येक वेळी फाटक वाजले की मी उठून उभा राहत असे, आणि हवालदार मान वर न करता म्हणे, “बसा, बसा. देव अजून वाटेतच आहे.” एकदा वाटले, अजून धावत जाऊन बस गाठायला सांगावे. पण मग शब्दाचे काय झाले, हे सांगावे लागले असते. मी बसून राहिलो. बसची वेळ टळली. साहेब आले तेव्हा टांग्यांच्या सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. त्यांनी मला एक शब्दही न सुनावता गाडी सोडली.

शिऱ्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. अंगण नुकतेच धुतलेले होते, आणि आत कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवलेला होता. वहिनी उंबऱ्यातच थांबल्या. शेजारीण म्हणाली, “बस आली का, बस आली का, म्हणून दुपारपर्यंत विचारत होत्या. बस आली, पण तुम्ही त्यात नव्हता.”

पुढे कितीतरी वर्षे अण्णा ही हकिगत पाहुण्यांना सांगत. “पोलिसाच्या शब्दावर विसंबू नये हो. आमच्या तम्माला तोंडावर शब्द दिला होता. काय रे?” मी मान डोलवीत असे. वहिनी उठून आत जात.

अण्णा गेल्या वर्षी वारले. आता ती हकिगत कोणी सांगत नाही, आणि मान डोलवण्यापेक्षा ते गप्प बसणे मला जड जाऊ लागले. ज्यांची क्षमा आधी मागायला हवी होती त्यांतले एक माणूस निघून गेले होते.

यंदाच्या रामनवमीला वहिनी स्वयंपाकघरात पानकासाठी गुळाचे पाणी गाळत होत्या. आता त्या थकल्या आहेत.

“भावोजी, वेलदोडा जास्त झालाय का, बघा बरं.”

मी पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला.

“वहिनी, त्या दिवशी साहेब मला भेटलेच नव्हते. त्यांनी शब्द दिला, हे मी रचून सांगितलं. बस तुम्हाला मिळाली असती. तुमची आई तुमची वाट बघत गेली, ती माझ्यामुळे. मला क्षमा करा.”