बेसमामांचे चार बॉक्स

बेसमामा प्रत्येक गाण्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरवर तळहात ठेवत. समोर टाळ्या चालू असायच्या, गाणारे नमस्कार करत असायचे आणि मामा लोकांकडे पाठ करून त्या काळ्या पेटीला हात लावून उभे असायचे, लेकराचा ताप पाहावा तसे. मग माझ्याकडे बघून मान हलवत. पुढचे गाणे जाहीर करायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्या ऑर्केस्ट्रात मी सहा हंगाम निवेदक होतो. दिवसा आदिलाबादला एका दैनिकाच्या कार्यालयात इतरांच्या बातम्या तपासायचो. कार्यक्रम असला की दुपारीच टेम्पोत बसायचो. कार्यक्रम जयंतीचे, विहाराच्या वर्धापनदिनाचे, क्वचित लग्नाचे. गावे बहुतेक तामसीच्या बाजूची, कधी इंद्रवेल्लीपर्यंत. ऑर्केस्ट्राचे मालक दिगांबरभाऊ स्वतः गायचे. कीबोर्डवर संजय होता, मंडल कार्यालयातला, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीतला, कारकून. आणि कोपऱ्यात, खालचे जाड सूर देणारी, चार तारांची लांब दांडीची बेस गिटार घेऊन, मामा. गावातले लोक तिला मोठी गिटार म्हणत आणि ती वाजत नाही अशी त्यांची समजूत होती.

मामा आमच्यापैकी कोणाचेच मामा नव्हते. बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी करून ते तामसी मंडलातल्या आपल्या गावी परतले होते. तिथल्या क्वार्टरमध्ये त्यांचा शेजारी चर्चमध्ये बेस वाजवायचा. त्याच्याकडून ते शिकले. शेजारी तेलुगू बोलणारा, त्यामुळे मामांचा ताल कायमचा तेलुगूत राहिला. आमचे प्रत्येक मराठी गाणे त्यांच्या तोंडातल्या तोंडात 'ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू' झाल्यावरच सुरू व्हायचे.

आपल्या वाद्याबद्दल त्यांचे मत ठरलेले होते. "हा आवाज ऐकू नाई आला तरी चालते, पेपरवाले," ते मला म्हणत. "पण बंद झाला का लोकायले समजलं पाह्यजे." मला ते शेवटपर्यंत पेपरवालेच म्हणाले.

बॉक्स, म्हणजे स्पीकरची मोठी लाकडी खोकी, ते नेहमी मागून पाहत. कोणत्याही गावात कोणाचाही बॉक्स दिसला की मागे जाऊन, चष्मा वर करून, त्यावरची पट्टी वाचत. जाळी कशी आहे, दिवे लागतात का, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना एकच आकडा हवा असे, ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा. त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला ते हेड म्हणत. बेल्लमपल्लीहून येताना आणलेले ते जुने हेड होते आणि त्याच्या पाठीवर छापलेले होते की चार ओहमच्या खाली जोडू नये. आमच्या बॉक्सवर आठ लिहिलेले होते. पहिल्या हंगामात मी विचारले, की आठ आणि आठ सोळा, मग चारची भीती कशाला?

"तुमी बेरीज करून राह्यले. हे उलटं हाये," ते म्हणाले. "एक बॉक्स लावला त आठ. दोन लावले त चार. चार लावले त दोन. जितके बॉक्स वाढले तितका आकडा उतरते. आकडा उतरला का हेडाले जास्त वढा लागते. एका नळाले दोन तोट्या ठीक हाये. चार तोट्या खोलल्या त टाकी रिकामी होते."

म्हणून दोनच बॉक्स लागत. पण नेत आम्ही चार. याला कारण आमच्या भागातली रीत. कार्यक्रम कसा झाला हे कमिटी नंतर ठरवते. आधी ती बॉक्स मोजते. शेजारच्या गावात मागच्या जयंतीला किती होते, हे सर्वांना पाठ असते. चारपेक्षा कमी दिसले की दिगांबरभाऊंना बाजूला घेऊन विचारणा होते. तेव्हा दोन बॉक्स वाजायचे आणि त्यांच्यावर ठेवलेले दोन नुसते उभे राहायचे, वायर मागे लोंबत. मामांना हे पसंत नव्हते. "दाखवाले आणले," एवढेच ते म्हणत आणि उचलू लागत.

एका जयंतीला आम्ही तामसीच्या पलीकडच्या एका गावात होतो. कमिटीचे सेक्रेटरी तिथल्या हायस्कूलमधले गणित-विज्ञानाचे गुरुजी होते. अतिशय नीटनेटका माणूस. खुर्च्यांच्या रांगा त्यांनी दोरी धरून लावल्या होत्या. दुपारी जोडणी तपासून आम्ही एका घरी जेवायला गेलो. गुरुजी मंडपात एकटेच राहिले. त्यांना वरच्या दोन बॉक्सच्या वायर लोंबताना दिसल्या. सामान लावणाऱ्या पोरांकडून राहून गेले असेल, असे त्यांना वाटले. तरीही घाई केली नाही. हेडच्या मागची सूचना वाचली. बॉक्सवरचे आकडे वाचले. आठ चोक बत्तीस. बत्तीस म्हणजे चारपेक्षा पुष्कळ जास्त. मग त्यांनी दोन्ही वायर खालच्या बॉक्सच्या मोकळ्या जागी नीट खोचल्या आणि कोणाला सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नाही.

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या गाण्यानंतर मामांनी हात ठेवला आणि लगेच काढला. मान हलवली नाही. ते मागे वळणार तोच दिगांबरभाऊंनी स्वतःच तिसरे गाणे उचलले. त्याच्या मध्यावर हेड बंद पडले. गाणे आणि कीबोर्ड वेगळ्या मशीनवर होते, ते चालूच राहिले. धूर नाही, आवाज नाही. फक्त जळका वास, तोही स्टेजपुरता.

पुढचे दोन तास मामा जागेवर उभे राहिले. स्टेज सोडून जाणे बरे दिसत नाही म्हणून त्यांची बोटे तारांवर चालत राहिली, आवाज मात्र कीबोर्डच्या खालच्या सुरांवर फिरणाऱ्या संजयच्या डाव्या हाताचा होता. निवेदक असल्याने माझे तोंड लोकांकडे होते. मी मुद्दाम पाहिले. समोरच्या चटयांवर, खुर्च्यांवर, मागच्या ओट्यावर, कोणाचीही मान वर झाली नाही. बेस बंद झाला हे गावाला समजले नाही.

सामान भरताना दिगांबरभाऊ त्यांच्याजवळ गेले. "मामा, वाईट वाटून घेऊ नका. पण एका माणसानं विचारलं नाई."

"म्याबी पाह्यलं," मामा म्हणाले.

"मंग पुढच्या हंगामापासून संजयच्या डाव्या हातावरच भागवू. आता मशीन आतच असलेले बॉक्स भेटते. जोडजाड काहीच नाई. तुमालेबी दगदग नको."

मामांनी वायरीचा वेढा पूर्ण केला, गाठ मारली. "हेड दुरुस्त होऊ दे, भाऊ. मंग बोलू."

तेवढ्यात गुरुजी आले. वायर आपण जोडल्या, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. बत्तीसचा हिशेबही सांगितला, कारण तो अजूनही त्यांना बरोबर वाटत होता. दिगांबरभाऊंचा चेहरा उतरला. मामा म्हणाले, "तुमची चूक नाई, गुरुजी. वाजवाचे नव्हते तर म्या आणाले नको होते."

"मग आणले काऊन?" गुरुजींनी विचारले.

"तुमी मोजता म्हणून. मोजाच्या जागी आयकले असते तर दोनच आणले असते."

यानंतर महिनाभर दर रविवारी गुरुजी बसने मामांच्या गावी येत राहिले. मी दोनदा गेलो होतो. अंगणातल्या खाटेवर हेड उघडे पडलेले असे. मामा तारांच्या जोडांना डाग देत आणि गुरुजी बॅटरी धरून बसत. आदिलाबादच्या बाजारात मिळालेले भाग त्यात बसले नाहीत, हैदराबादहून मागवावे लागले. ते येईपर्यंतही गुरुजी येत होते. त्यांनी सोबत दहावीचे भौतिकशास्त्र आणले होते.

"हे यात हाये ना, गुरुजी?" मामांनी विचारले.

गुरुजींनी पान काढून दाखवले. "हाये. समांतर जोडणी. दरसाल शिकवतो."

"मंग?"

"परीक्षेत बल्ब राहते, मामा. बॉक्स नाई राहत."

मामांना इतके हसू आले की हातातली इस्त्री खाली ठेवावी लागली. डाग द्यायच्या सळईला ते इस्त्री म्हणत. हसू थांबल्यावर ते माझ्याकडे वळले.

"पेपरवाले, एक सांगू का? त्या दिवशी दोन घंटे मी बिनआवाजाचा उभा होतो ना, तवा पह्यल्यांदा आपला ऑर्केस्ट्रा आयकला. इतके साल मी माझाच आवाज आयकून राह्यलो होतो. संजय बरोबर वाजवते. सूर चुकत नाई. पण भरून टाकते. गाणाऱ्याले श्वास घ्याले जागाच ठेवत नाई."

हेड चालू झाले. मामांनी दिगांबरभाऊंना निरोप पाठवला: एक हंगाम द्या, त्यानंतर मी आपण होऊन थांबतो. भाऊंना हा सौदा सोपा वाटला. मामा मागत होते ते स्वतःसाठी, असा त्यांचा समज होता. माझाही होता.

त्या हंगामात आम्ही दोनच बॉक्स नेले. कमिट्यांनी विचारले, दिगांबरभाऊंनी काहीबाही सांगितले. टेम्पोत मात्र जागा बदलल्या. मामा पुढे बसायचे ते मागे संजयशेजारी बसू लागले. संजयच्या मांडीवर छोटा कीबोर्ड असे. मामा आमच्या नेहमीच्या गाण्यांच्या ओळी गुणगुणत आणि कडव्याच्या तोंडाशी आले की त्याचा डावा हात मनगटाला धरून वर उचलत. संजय पस्तिशीतला, दोन मुलांचा बाप. त्याला ते आवडत नसे.

"मामा, तुमी वाजवाचं शिकवून राह्यले का न वाजवाचं?"

"वाजवाचं तुले येते."

"मंग हात काऊन धरता?"

"तू सोडत नाई म्हणून."

कार्यक्रमात अर्धी गाणी मामा वाजवत आणि अर्ध्यांना गिटार खाली ठेवून, हेडचा आवाज बंद करून, स्टेजच्या पायरीवर बसून ऐकत. पायरीवरून ते संजयकडे बघायचे नाहीत, गाणाऱ्याकडे बघायचे. चुकले की काही बोलत नसत. परतीच्या वाटेवर पुन्हा मनगट धरत. हंगामाच्या शेवटी त्यांच्या वाट्याची गाणी दोनवर आली. शेवटच्या कार्यक्रमात ती दोन्हीही त्यांनी संजयला दिली आणि स्वतः गिटार हातात घेतलीच नाही. मला निरोपाचे चार शब्द बोलायचे होते. मी कागद लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुढचं गाणं सांगा."

हेड त्यांनी गुरुजींच्या शाळेला दिले. समांतर जोडणीचा धडा आला की ते प्रयोगशाळेच्या टेबलावर येते आणि मुलांना त्याच्या पाठीवरची सूचना वाचायला लावतात. गुरुजी फळ्यावर आधी आठ चोक बत्तीस लिहितात, त्यावर फुली मारतात आणि ही फुली कोणाची, तेही सांगतात. मामा आता बेल्लमपल्लीला मुलीकडे असतात. बोटे थरथरतात, पण प्रकृती ठीक आहे. सकाळी बाजारातून कोथिंबीर आणणे हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे.

यंदा इंद्रवेल्लीच्या बाजूला एका कामासाठी गेलो असताना आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम लागला. नवे बॉक्स, नवा निवेदक. मी मागे चटईवर बसलो. दिगांबरभाऊ तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याशी आले, त्यांनी श्वास घेतला, आणि संजयचा डावा हात आपोआप वर उचलला गेला. क्षणभर खालचे सगळे सूर थांबले. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर ताल धरून होत्या. त्यांचाही हात तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना फोन केला. कार्यक्रम कसा झाला, हे त्यांनी विचारले नाही.

"त्यानं जागा सोडली का?"

"सोडली, मामा."

"किती?"

"पूर्ण एक मात्रा."

"कुणी सांगितलं होतं का त्याले?"

"नाही. स्वतःच."

मग ते म्हणाले, "मंग झालं," आणि फोन मुलीच्या हातात दिला.