भूलवाले जागेपणी बोलले

भूलवाल्या डॉक्टरांना रोग्याशी बोलताना ऐकावं. टेबलावर थरथरणाऱ्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून ते म्हणायचे, "काका, डोळे मिटा. आवडती जागा सांगा बरं. तिथंच जाऊ आपण." काका मामाच्या अंगणाचं काहीबाही सांगता सांगता घोरायला लागायचे. पण समोरचा माणूस टक्क जागा असला, की भूलवाल्यांच्या तोंडून ब्र निघायचा नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात. यांच्या जिभेत असावं, आणि तेही जागचं सरकलेलं.

हाडं बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये हिरवा पडदा. रोग्याचं डोकं यांच्याकडे, मोडका पाय तिकडे. बाई विचारायच्या, "झोपला?" हे म्हणायचे, "झोपला. करा सुरू." वर्षानुवर्षं बोलणं काय ते एवढंच. पण बाईंना थंडी वाजते म्हणून ते गुपचूप एसी कमी करायचे आणि स्वतः घामानं निथळायचे. यांचा चहा निवतो म्हणून बाई त्यावर बशी झाकून ठेवायच्या. साऱ्या दवाखान्याला कळलं होतं, हे दोघेच तेवढे अडाणी.

"लोकांना झोपवतोस आणि माझी झोप उडवतोस," त्यांची आई म्हणायची. "अरे, विचार की तिला!"

"विचारतो गं."

"कधी? केस पिकल्यावर?"

"पिकलेत की."

"मग आता गळायची वाट बघ!"

एकदा टाके घालता घालता बाई मान वर न करता म्हणाल्या, "मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. सोमवारी कळवायचंय, हो की नाही." आणि मग मान वर करून पडद्यावरून बघत राहिल्या.

भूलवाल्यांनी नजर मॉनिटरवर वळवली. म्हणाले, "बरं."

"बरं?"

"म्हणजे... छान."

बाईंनी पुढचा टाका असा ओढला, की रोगी झोपलेला होता म्हणून निभावलं.

स्वतःला मनात शिव्या मोजत भूलवाले बाहेर पडले. फरशी पुसणारी मावशी ओरडली, "डॉक्टर, ओलं आहे!" पण तोवर ते आडवे झाले होते. मनगट उलट्या चमच्यासारखं वाकडं.

शेजारच्या दवाखान्यातून दुसरे भूलवाले आले. "पूर्ण झोपवतो, कळणारही नाही."

"झोप नको!" हे ताडकन उठून बसले. "नुसता हात बधिर करा."

झोपेच्या उंबरठ्यावर माणूस काय काय ओकतो, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? एका सासूनं तर सुनेची माफी मागितली होती. आणि दवाखान्याचा नियमच होता, गुंगीतलं बोलणं तिथंच सोडायचं, खरं धरायचं नाही. म्हणजे मनातलं सांडणार, वर ते हिशेबात धरणारही कुणी नाही.

हात बधिर झाला. कापाकापी नव्हती, म्हणून आज मध्ये पडदाही नव्हता. बाईंनी गाल फुगवूनच मनगट हातात घेतलं. भूलवाले पांढरेफटक पडलेले.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "आवडती जागा सांगा बरं. तिथंच जाऊ आपण."

टोमणाच होता तो. पण या प्रश्नाला उत्तर न देणारा रोगी भूलवाल्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले.

"माझं स्टूल."

"कुठलं?"

"रोग्याच्या डोक्याशी असतं ते. तिथून पडद्यावरून तुम्ही दिसता. नुसते डोळे आणि कपाळ, पण मला तेवढं पुरतं." डोळे तसेच मिटून ते पुढे म्हणाले, "सोमवारी नाही म्हणून कळवा ना."

बाई दुसऱ्या भूलवाल्यांकडे वळल्या. मनगट मात्र सोडलं नाही.

"यांना गुंगीचं काही दिलंय?"

"थेंबभरही नाही."

"नक्की?"

"बाई, मी हात बधिर केलाय, डोकं नाही."

सिस्टर मास्कच्या आत फिसकन हसली. बाईंनी मनगट खेचलं, कट्‌ आवाज झाला, हाड जागेवर बसलं. मग प्लास्टर गुंडाळायला लागल्या, नेहमीपेक्षा जरा सावकाशच.

"महिना-दीड महिना राहील हे. काढायला माझ्याकडेच यायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर बघा!"

"पण मग सोमवारी..."

"झोपा आता," बाई म्हणाल्या. "फार बोलता हो तुम्ही."