हरणाबाईंना मत द्यायचं होतं

गावाला बिनविरोध निवडीचा भारी अभिमान. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की देवळात नारळ फुटतो, गावचे पुढारी आण्णा नावं वाचून दाखवतात आणि लोकशाही संपन्न होते. मतदारांना उगाच त्रास नको, एवढीच त्यामागची कळकळ.

हरणाबाई कुपवाडच्या कारखान्यात नटबोल्ट भरायला जातात. दिल्लीला जाणारा खासदार निवडायला त्यांनी दरवेळी मत दिलं, मुंबईला जाणाऱ्या आमदारालाही दिलं. स्वतःच्या वॉर्डाच्या मेंबरला मात्र जन्मात कधी नाही. यंदा आण्णांनी पुतण्या शिवतेजचं नाव वाचलं आणि हरणाबाईंनी त्याच्याविरुद्ध अर्ज भरला.

अर्ज माघारीच्या दिवशी त्यांना देवळात बोलावणं आलं.

"हरणाबाय, निवडून येशील व्हय तू?" आण्णांनी विचारलं.

"न्हाई की."

"मग उभी कशाला ऱ्हायलीस?"

"मतदान व्हावं म्हनून."

मंडपात हशा पिकला.

"गावात फूट पडंल," आण्णा म्हणाले.

"आवं, खासदारकीला आमच्या घरातच तीन पार्ट्या असत्यात. तरीबी सून च्या देतीयाच की मला."

"सगळं गाव शिवतेजच्या मागं हाय."

"मग मताच्या मशीनला कशापायी भ्याचं?"

एक मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, बिनविरोध उमेदवारालाही नाकारायचा हक्क असावा का, यावर दिल्लीत कोर्टात वाद चाललाय. त्याचा निकाल लागू दे."

"तितं वाद चाललाय तो असल्याच गावांपायी नव्हं? आमी हितं गप बसलो, तर दिल्लीला कसं कळायचं, कुणाला मत पायजे हाय ते?" हरणाबाईंनी डबा उचलला. "दुपारची पाळी हाय माझी."

माघारीची मुदत टळली तेव्हा त्या कारखान्यात नटबोल्ट भरत होत्या. वॉर्डात मतदान ठरलं.

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या घराण्यातलं माणूस पहिल्यांदाच मत मागायला हरणाबाईंच्या गल्लीत शिरलं. शिवतेज घरोघर हात जोडत चालला होता. हरणाबाईंच्या दाराशी तो घुटमळला. प्रतिस्पर्धी खरी, पण मतदारही.

"काकू, लक्ष असू द्या."

"ये. चप्पल तितं काढू नगंस, गटार तुंबलंय." त्यांनी घोंगडं टाकलं. "बस. आता सांग, ते गटार कवा साफ करतूस? पटलं तर माझं बी मत तुलाच."

असा प्रश्न त्याच्या घराण्यात कुणाला कुणी विचारला नव्हता. शिवतेज बसला.