मोटरनानांचा दर

मोटरनाना बिघडलेल्या मोटरला हात लावण्याआधी तिचं ऐकून घेत. लांब पेचकसाचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि विहिरीच्या काठावर उकिडवं बसून डोळे मिटायचे. तेवढा वेळ अंगणात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा माझे बाबा मागे उभे राहून शिंकले तर नाना डोळे न उघडता म्हणाले, "मास्तर, हिचा ताप बघू दे आधी, मग तुमचा बघतो." मग मूठ कानावरून काढून ते निदान सांगत. "बेअरिंग रडतंय." किंवा, "सील गेलंय. पाणी आत शिरलंय. बोलत नाय बिचारी, पण आतल्या आत धुमसत्येय." ते निदान चुकल्याचं मला आठवत नाही.

आमची वाडी रत्नागिरीच्या बाहेर, कातळसड्याच्या उतारावर आहे. विहिरी जांभ्यात खोदलेल्या आणि खोल. नळ आले, पण त्यांना पाणी येईलच असं नाही, त्यामुळे घराघरांत मोटर आणि मोटरच्या दुखण्याला नाना. त्यांचं खरं नाव मी नववीत जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. वाडीचं नाव मी इथे देत नाही आणि पुढे ज्या सुमनकाकू येतील त्यांचंही नाव खरं नाही. असं का, ते वाचता वाचता कळेल.

नानांची एक रीत होती, आणि या लिखाणाचं मूळ तिच्यातच आहे. काम करण्याआधी ते दर सांगत नसत. कितीही विचारा, उत्तर एकच: "पाणी टाकीत पडू दे." काम झालं, बटण दाबलं, टाकीत धार पडली, की नाना त्या धारेखाली ओंजळ धरून दोन घोट पीत. मग तोंड पुसत आकडा सांगत. तो आकडा खाली येत नसे आणि वरही जात नसे. पाणी पडलं नाही तर एक पैसा घेत नसत. काढलेलं जुनं बेअरिंग, फाटलेलं सील वर्तमानपत्रात गुंडाळून घरधन्याच्या हातात ठेवत. "हे तुमचं. उद्या म्हणाल, नानानं न बदलताच पैसे लावले."

सुमनकाकू आमच्यापासून चौथ्या घरात. काजूच्या कारखान्यात बिया फोडून बोटं काळी पडलेली, नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन दापोलीला. त्यांच्या मोटरचं काम निघालं की त्यांचा आणि नानांचा तंटा साऱ्या वाडीला ऐकू येई.

"सातशे," नाना म्हणत.

"सातशे? साडेसहाशे घ्या!"

"एक रुपया कमी नाय. परवडत नसेल तर पोहरा आहेच."

"मेला काय चिकट माणूस आहे! विधवा बाईला रुपया सोडत नाही," असं म्हणत काकू पदराच्या गाठीतून सातशे मोजून देत आणि पुढे आठ दिवस, आपण कोणाचे उपकार घेत नाही, हे सांगत फिरत. नवरा गेला त्या वर्षी नानांनी पैसे नको म्हटलं होतं म्हणे. काकूंनी दुरुस्त झालेल्या मोटरची वायर उपटून काढली आणि चार महिने हाताने पाणी ओढलं. हा किस्सा मला पूर्ण माहीत होता. माहीत असून त्याचा अर्थ मी लावला नाही, हा माझा पहिला गुन्हा.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा शाळेत मास्तर आणि उरलेला वेळ पत्रकं काढणारे. एसटीच्या फेऱ्यांसाठी, आंब्याच्या कॅनिंग कारखान्यातल्या बायकांच्या मजुरीसाठी, पाणंद अडवणाऱ्या बागायतदाराविरुद्ध. 'जाहीर आवाहन' हे मी स्वतः वाचलेले पहिले दोन शब्द. मला वाटायचं, अन्याय म्हणजे अंधारात राहिलेली गोष्ट. ती छापली, उजेडात आणली, की संपली. कॉलेज संपवून मी घरी आले तेव्हा माझ्याकडे भरपूर उजेड होता आणि तो पाडायला जागा हवी होती.

ती जागा मॅनेजरसाहेबांनी दाखवली. हे बँकेतून निवृत्त होऊन ठाण्याहून आलेले, वाडीच्या टोकाला बंगला बांधलेले गृहस्थ. त्यांनी नानांकडे लेखी कोटेशन मागितलं होतं. नाना म्हणाले, "पाणी टाकीत पडू दे." पाणी पडलं आणि नानांनी बावीसशे सांगितले. साहेबांनी दिले, पण दुसऱ्या दिवशी ते जुनं बेअरिंग घेऊन माझ्याकडे आले. "तू ग्राहकांच्या हक्कांवर बोलतेस ना? शेजारच्या घरी हेच काम पंधराशेत झालंय. ही मनमानी नाही तर काय?"

मी वही घेऊन घरोघर फिरले. बेअरिंग, सील, कपॅसिटर, या एकाच कामाचे कुठे पंधराशे, कुठे अठराशे, आंब्याच्या मोठ्या बागवाल्याकडे पंचवीसशे. आणि सुमनकाकूंकडे सातशे. काकूंनी तो आकडा छाती पुढे काढून सांगितला. "माझ्याकडे वाजवीच घेतो तो. मी घासाघीस करते ना. बाकीचे गप्प बसतात म्हणून लुटतो."

मला तेच पटलं. सर्वांत कमी दर तो खरा, त्याच्या वरचं सगळं लूट, असं साधं गणित मी मांडलं. पत्रकाला नाव दिलं, 'एक काम, एक दर'. नानांचं नाव घातलं नव्हतं, पण वाडीत मोटर दुरुस्त करणारे होतेच किती? बाबांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "नानाशी बोललीस?" मी म्हणाले, "सभेत बोलूच की सगळ्यांसमोर." ते उत्तर मला तेव्हा फार धीट वाटलं होतं.

सभा वाचनालयाच्या पडवीत झाली. शहरातून येणारे दोन मेकॅनिक बोलावूनही आले नाहीत. नाना आले. इस्त्रीचा सदरा घालून, कारण पोरीनं बोलावलं होतं. पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब, बायकांमध्ये सुमनकाकू. मी उभी राहिले आणि आकडे वाचून दाखवले.

"नाना, एकाच कामाचे इतके दर कसे?"

"मोटर मोटरमध्ये फरक असतो गो बाय."

"सगळ्या एक हॉर्सपॉवरच्या आहेत. मी लिहून आणलंय."

लोक हसले. नानाही थोडे हसले. मग मी तो प्रश्न विचारला. "सुमनकाकूंकडे तुम्ही सातशे घेता. म्हणजे सामान धरून हे काम सातशेत होतं. होतं की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. काकू हनुवटी वर करून बसल्या होत्या, आपल्या घासाघिशीचा सार्वजनिक विजय बघायला. विहिरीच्या काठावर मोटरचं ऐकताना ते जितका वेळ घेत, तितकाच वेळ त्यांनी घेतला.

"होतं," नाना म्हणाले. "सातशेत होतं. माझं चुकलं. आजपासून सगळ्यांना सातशे."

टाळ्या पडल्या. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "बघा! मी सांगत नव्हते?" नानांनी सगळ्यांना हात जोडले आणि ते चपला शोधू लागले. मी त्या रात्री शांत झोपले. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे.

पुढचे महिने नानांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सातशेचा बोलबाला आजूबाजूच्या वाड्यांत पोचला आणि लांबून लोक बोलवायला येऊ लागले. मला वाटलं, बघा, प्रामाणिक दर लावला की धंदा कसा वाढतो. मध्येच त्यांची मोटारसायकल दिसेनाशी झाली. खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन ते चढ चालताना दिसत. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर चालायला सांगतो." मॅनेजरसाहेबांची मोटर त्यांनी पुन्हा एकदा दुरुस्त केली, सातशेत. टाकीत पाणी पडलं तेव्हा मी तिथे होते. त्यांनी ओंजळ धरली नाही. आकडा आधीच ठरलेला होता, तो घेऊन ते निघाले.

मे महिन्यात आमचीच मोटर बसली. नानांना ताप होता. त्यांनी निरोप पाठवला, की सामान आणून ठेवा, उतार पडला की बसवतो. मी बाजारात गेले. दुकानदाराने बेअरिंगची जोडी, सील आणि कपॅसिटर काउंटरवर ठेवून सांगितलं, "नऊशे चाळीस."

माझा आवाज चढला. "अहो, नाना मजुरीसकट सातशेत सगळं काम करतात! तुम्ही नुसत्या सामानाचे नऊशे चाळीस लावता?"

दुकानदार हसला नाही. "ताई, नाना हेच सामान याच भावात माझ्याकडून नेतात. मी पण त्यांना विचारलं, सातशेचं काय गौडबंगाल आहे. ते म्हणाले, शब्द दिलाय." मग त्याने सामान पिशवीत घालत विचारलं, "कोणाला दिलाय हो त्यांनी शब्द? तुम्ही तिकडच्याच ना?"

मी पैसे दिले आणि बसने येण्याऐवजी चालत आले. वाटेत एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. बागवाल्याचे पंचवीसशे, साहेबांचे बावीसशे, आणि त्यांच्या जोरावर काकूंचे सातशे. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यावं, नाही त्याला ते कळू न देता द्यावं, हेच तर आमच्या घरातल्या निम्म्या पत्रकांत वेगळ्या शब्दांत छापलेलं होतं. नाना ते न छापता करत होते. आणि मी त्यांना भर सभेत उभं करून विचारलं, हो किंवा नाही.

नानांच्या घरी गेले तर त्यांच्या बायकोनं, काकीनं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि चहाचं विचारलं नाही. आमच्याकडे याहून जास्त बोलावं लागत नाही. नाना गोधडीत बसले होते.

"नाना, त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत?"

"सुमन बसली होती ना समोर."

"पण मग नंतर तरी मला..."

"नंतर तुला सांगितलं असतं, तर तू पत्रक काढलं असतंस," नाना म्हणाले, आणि खोकता खोकता हसले. "तुझा काय दोष नाय गो. तू विचारलंस ते बरोबरच होतं. माझ्याकडे त्याचं चारचौघांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं."

काकी दारातून म्हणाली, "जन्मात एकदा खोटं बोलला हा माणूस. गाडी विकली, मोटर उचलायची चेनपुली विकली. आता हत्यारं तेवढी राहिलीत."

मी घरी येऊन त्याच दुपारी जाहीर माफी लिहिली. खरे दर, सामानाच्या किमती, माझी चूक, सगळं. एवढं चांगलं मी आधी काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती नानांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झकास लिहिलंस," ते म्हणाले. "आता सांग, हे वाचून सुमन काय करील?"

मी कागद त्यांच्या हातात दिला.

"गेल्या बारा वर्षांचे पैसे मोजून माझ्या पायरीवर आणून ठेवील. नसले तर पाटल्या विकील. मग वायर उपटून टाकील." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "फाड ते. आणि तुमच्या मोटरचं सामान आणलंस ना? चल, बसवून देतो."

आमची मोटर ही त्यांनी वाडीत दुरुस्त केलेली शेवटची मोटर. बाबांनी पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी सामान आमचं म्हणून फक्त मजुरीचे सातशे मोजून घेतले आणि वरचे बाबांच्या खिशात परत कोंबले. गणपतीच्या आधी ते आणि काकी मुलीकडे दाभोळला गेले. जावई मासेमारीच्या लाँचवर आहे. मी एकदा जाऊन आले. नाना जेट्टीवर बसले होते. लाँचच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी गमतीनं विचारलं, "काय म्हणतंय इंजिन?" तर म्हणाले, "हल्ली नीट ऐकू येत नाय गो." मला निरोप देताना त्यांनी सुमनची मोटर बरी आहे ना, असं विचारलं. मी हो म्हणाले.

ती बरी नव्हती. महिन्याभरापूर्वीच बंद पडली होती. शहरातून मेकॅनिक आला, त्याने चोवीसशे सांगितले आणि काकूंनी त्याला फाटकाबाहेर काढलं. "सातशेचा दर आहे आमच्या वाडीत! सभेत ठरलाय!" मी वरचे पैसे गुपचूप भरायला गेले, तर मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं, "बाई सगळ्यांना सातशेच सांगत फिरतील, मग मी कोणाकोणाला तोंड देऊ? मला तसलं खोटं जमत नाही." त्याचं बरोबर होतं. ते खोटं निभावायला लागणारा माणूस मीच घालवला होता.

तेव्हापासून सकाळी कामावर जाण्याआधी मी काकूंच्या विहिरीवर जाते आणि त्यांचं पाणी ओढून देते. त्यांच्या खांद्याला आता ते झेपत नाही. सुरुवातीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. मग त्यांनी स्वतःच त्याचा अर्थ लावला, की दराच्या लढाईत मी त्यांना साथ देते आहे, आणि माझ्या पाठीवर थाप मारून परवानगी दिली. काल मी दोर सोडत होते आणि काकू रहाटाशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"चोवीसशे म्हणे! लुटारू मेले," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखी पोर वाडीत होती म्हणून निदान खरा दर कळला. आपण दोघींनी मागे हटायचं नाय हां."

"नाही काकू," मी म्हणाले, आणि भरलेला पोहरा वर ओढू लागले.