मामाजींचा पेट स्कॅन

गोंदिया जिल्ह्यात असा एकही आजार नसेल, जो माझ्या बायकोच्या मामांनी दुसऱ्याच्या अंगात शोधून काढला नाही. चिचगडच्या पोस्टात त्यांनी उभी नोकरी काढली. पत्रं वेळेवर पोचली की नाही हे सांगता येत नाही, पण खिडकीशी आलेला माणूस आपल्याला काय झालंय हे ऐकल्याशिवाय सुटला नाही, हे नक्की. निवृत्तीनंतर तर त्यांना आवर घालणारं कुणी उरलंच नाही. देवरीच्या बसस्टँडवर बस नीट थांबायच्या आत मामाजी दोन-तीन जिभा तपासून मोकळे होत. एका कंडक्टरला त्यांनी ‘तुमचं लिवर सुस्त आहे’ असं सांगितलं. तो बिचारा घाबरून नागपूरला तपासून आला, लिवर ठणठणीत निघालं. “मशीन जुनी असन,” मामाजी म्हणाले.

अशा या माणसाच्या स्वतःच्या मानेत लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा तिला मात्र ते चार महिने ‘उशी बदलल्यानं आलेली सूज’ म्हणत राहिले. शेवटी बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्यांच्या मुलीनं रडून रडून त्यांना दवाखान्यात धाडलं. गाठीत सुई घालून तपासणी झाली. गाठ वाईट निघाली. ती आणखी कुठे पसरली आहे का हे पाहायला डॉक्टरांनी नागपूरला जाऊन पेट स्कॅन करायला सांगितलं.

“पेट म्हणजे पोट!” मामाजी कडाडले. “गाठ मानेत, न् फोटो पोटाचा? या डॉक्टरले हिंदी बी येत नाई का?”

हा पेट वेगळा, यात सगळं अंग तपासतात, हे समजावण्यात माझी एक दुपार गेली. सेंटरनं फोनवर अटी सांगितल्या. आदल्या दिवशी अंगमेहनत करायची नाही. ही अट मामाजी नोकरीत असल्यापासून निष्ठेनं पाळत होते. स्कॅनआधी सहा तास काही खायचं नाही, फक्त साधं पाणी प्यायचं; इथे घोळ झाला. पहाटे गाडी करून निघालो, साकोलीला मामाजी ‘लघवीले जाऊन येतो’ म्हणून उतरले आणि बराच वेळ आले नाहीत. नागपुरात सिस्टरनं बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, मग त्यांच्या सदऱ्यावरचा चटणीचा डाग पाहिला.

“काका, काय खाल्लं?”

“काई नाई. दोन आलूबोंडे. न् चहा.”

सिस्टरनं आम्हाला दुसऱ्या दिवशी या म्हणून परत पाठवलं. ती रात्र आम्ही नागपुरात माझ्या साळ्याकडे काढली आणि सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहारा दिला.

दुसऱ्या दिवशी साखर बरोबर निघाली. हाताला सुई लावताना सिस्टरनं सांगितलं, हे साखरेसारखंच औषध आहे, त्यात थोडा किरणोत्सर्ग असतो. जिथे आजार असतो तिथे ते जास्त ओढलं जातं आणि फोटोत ती जागा उजळते.

“म्हणजे मी साखर खाल्ली तर पाप, न् तुमी टोचली तर इलाज?”

ती हसली. पण पुढची अट ऐकून मामाजींचं हसू मावळलं. आता तासभर एकट्यानं पडून राहायचं. मोबाइल नाही, बोलायचं नाही; बोललं तर गळ्याचे स्नायू औषध ओढतात आणि फोटो फसवतो. मी बाहेर बसलो. थोड्या वेळानं सिस्टर येऊन म्हणाली, “तुमचे पेशंट भिंतीशी बोलतात.” मी दारातूनच हात जोडले. पुन्हा तक्रार आली नाही. नंतर लघवी करवून त्यांना मोठ्या कड्यासारख्या मशीनमध्ये सरकवलं. हात डोक्यावर घेऊन पंचवीस-तीस मिनिटं ते तसूभरही हलले नाहीत, असं सिस्टर कौतुकानं म्हणाली. कौतुक ऐकून मामाजी खूश होतील असं मला वाटलं. ते नुसते चपला शोधत राहिले.

निघताना सांगितलं होतं, भरपूर पाणी प्या आणि आजचा दिवस गरोदर बाई, लहान मूल यांच्यापासून लांब राहा. संध्याकाळी चिचगडला पोचलो तेव्हा सातवा महिना लागलेली त्यांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावरून उतरायला लागली.

“थांब! तिथंच थांब!” मामाजी ओरडले. “जवाई, तांब्या तुमी आणा.”

त्यांनी स्वतःची खाट ओढत अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याजवळ नेली. ती ओट्याच्या कडेला बसली. दोघांमध्ये सगळं अंगण होतं. तिच्या पायांची सूज त्यांना तिथूनही दिसली असणार. पण त्यांनी निदान केलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “बाई, तुले भेव लागते का?”

“लागते, बाबा.”

“मले बी लागून राहिलं.”

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. आजार मानेतच आहे, पुढे गेलेला नाही. उपचार सुरू झाले आहेत, डॉक्टरांना आशा आहे. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती ओट्यावर, ते खाटेवर, दोघंही अंधार पडेपर्यंत तसेच एकमेकांकडे बघत बसले होते.